लॉर्ड सँडहर्स्टची सासुरवाडी : इंग्लिश सरदार घराण्यांची वंशावळ कशी शोधावी

पुण्याचा प्लेग, रँडचा खून आणि टिळकांवरचा 1897 चा राजद्रोहाचा खटला यांबद्दल वाचताना एक नाव वारंवार भेटते : मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट. 1895 ते 1900 ही त्यांची कारकीर्द. मुंबईत त्यांच्या नावाचे रेल्वे स्थानक आहे. पण हा माणूस कोणत्या घराण्यातला, त्याची सोयरीक कुठे, त्याच्यामागे त्या घराण्याचे काय झाले, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडत नाही.

1896 साली विन्स्टन चर्चिल नावाचा एकवीस वर्षांचा घोडदळातला अधिकारी मुंबईच्या ससून डॉकवर उतरला. उतरताना त्याचा खांदा निखळला आणि ती दुखापत जन्मभर त्याच्या सोबतीला राहिली. तिथून तो पुण्याला गेला. गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, त्याने लॉर्ड सँडहर्स्टकडे जेवण घेतले. हे त्याने स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. त्या यजमानाचे आणि त्या पाहुण्याचे काही नाते होते का? होते. ते कसे शोधायचे, हेच या लेखात पायरी-पायरीने मांडतो. रीत कळली की वेलस्ली, कॉर्नवॉलिस, लेक, विलिंग्डन अशा कोणत्याही नावाला ती लावता येते.

1. किताब, आडनाव आणि रक्त हे तीन धागे वेगळे करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि ती चुकली तर पुढचे सगळे चुकते. आपल्याकडे वंशावळ शोधणारा आडनाव, गोत्र आणि मूळ गाव धरून मागे जातो. इंग्लिश उमरावाला जग ज्या नावाने ओळखते ते बहुधा त्याचे आडनाव नसतेच. सँडहर्स्ट हा किताब आहे. माणसाचे नाव विल्यम मॅन्सफिल्ड. वडिलांचे नावही विल्यम, पूर्ण नाव विल्यम रोझ मॅन्सफिल्ड. ते हिंदुस्थानचे सरसेनापती होते आणि 1871 मध्ये त्यांना पहिले बॅरन सँडहर्स्ट केले गेले. म्हणजे 1890 च्या दशकातले आपले गव्हर्नर हे दुसरे बॅरन.

आता मॅन्सफिल्ड हे आडनाव हाती लागले म्हणून कोणी ‘लॉर्ड मॅन्सफिल्ड’ शोधायला गेला, तर तो थेट दुसऱ्याच घराण्यात शिरेल. अर्ल ऑफ मॅन्सफिल्ड हा किताब मरे घराण्याचा. 1772 साली लंडनमध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाच्या सुटकेचा प्रसिद्ध खटला चालला, तेव्हा न्यायासनावर लॉर्ड मॅन्सफिल्ड, म्हणजे विल्यम मरे बसले होते. आणि सॉमरसेटच्या वकिलांमध्ये एक होते जेम्स मॅन्सफिल्ड. हे वकील पुढे सर आणि मुख्य न्यायाधीश झाले. आपल्या गव्हर्नरांचे वडील त्यांचे नातू. एकाच दालनात दोन मॅन्सफिल्ड, एकाचा किताब आणि दुसऱ्याचे आडनाव, आणि किताब व आडनाव सारखे दिसण्यापलीकडे त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून वहीत तीन उभे रकाने आखा. पहिल्यात माणसाचे नाव व जन्माचे आडनाव. दुसऱ्यात त्याने पुढे आडनाव बदलले असेल तर ते आणि साल. तिसऱ्यात किताब, प्रत्येक किताबापुढे ‘कधीपासून कधीपर्यंत’. हा तिसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण त्यावाचून चालत नाही. लॉर्ड विलिंग्डनचेच पाहा. 1913 ते 1918 मुंबईचे गव्हर्नर आणि पुढे व्हाइसरॉय झालेले हे गृहस्थ 1910 मध्ये बॅरन, 1924 मध्ये व्हायकाउंट, 1931 मध्ये अर्ल आणि 1936 मध्ये मार्क्विस झाले. कागदोपत्री चार वेगवेगळ्या दर्जांचा विलिंग्डन दिसतो, माणूस एकच.

उलटही घडते. एल्फिन्स्टन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन कधीच लॉर्ड नव्हते. ते अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे धाकट्या फळीतले पुत्र. 1857 च्या धामधुमीत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन हे त्यांचे पुतणे, तेरावे लॉर्ड. (हे घराणे स्कॉटिश आहे. तिथले वारशाचे नियम काही ठिकाणी वेगळे पडतात, एवढे लक्षात ठेवा.)

आडनावे बदलण्याची सवय या घराण्यांत फार. आजोळची किंवा एखाद्या निपुत्रिक नातलगाची जहागीर मिळाली की त्याचे आडनाव घ्यायचे, ही अट मृत्युपत्रातच असे. असईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली 1798 पर्यंत आपले आडनाव ‘वेस्ली’ असे लिहीत होता, आणि त्याच्या आजोबांचे मूळ आडनाव तर कॉली. त्याआधीची नोंद ‘वेलस्ली’ म्हणून शोधली तर हाती काही लागणार नाही.

2. संबोधनावरून माणसाची जागा ओळखा

दर्जे पाच : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट हा वंशपरंपरागत ‘सर’ असतो, पण तो उमरावांत मोजला जात नाही. ही पायरी पहिल्या जेम्स राजाने 1611 मध्ये काढली. नुसता नाइट असलेल्या ‘सर’चा मान त्याच्याबरोबरच संपतो. एवढे पाठ झाले की पुढचा भाग नीट समजून घ्या, कारण जुन्या वर्तमानपत्रांतली अर्धी कोडी इथेच सुटतात.

ड्यूक, मार्क्विस आणि अर्ल यांच्या थोरल्या मुलाला वडील हयात असताना त्यांचा दुय्यम किताब मानाने वापरता येतो. ड्यूक ऑफ मार्लबरोचा वारस मार्क्विस ऑफ ब्लँडफर्ड म्हणवतो, अर्ल स्पेन्सरचा वारस व्हायकाउंट ऑल्थॉर्प. हा कायद्याने उमराव नसतो, म्हणून तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून येऊ शकत असे. ड्यूक आणि मार्क्विसच्या धाकट्या मुलांच्या नावाआधी ‘लॉर्ड’ लागते, पण पुढे स्वतःचेच नाव व आडनाव येते : लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल. अर्लचे धाकटे मुलगे आणि व्हायकाउंट-बॅरनची सगळी मुले ‘ऑनरेबल’.

स्त्रियांच्या बाबतीत लक्ष आणखी बारीक हवे. ‘लेडी’नंतर स्वतःचे पहिले नाव आले तर ती ड्यूक, मार्क्विस किंवा अर्लची मुलगी. ‘लेडी’नंतर नुसता किताब किंवा आडनाव आले तर ती उमरावाची पत्नी (क्वचित स्वतःच्या हक्काने किताब धारण करणारी), किंवा साध्या ‘सर’ची पत्नी. आणि ‘लेडी’नंतर पुरुषाचे नाव आले तर ती ड्यूक किंवा मार्क्विसच्या धाकट्या मुलाची बायको : लेडी रँडॉल्फ चर्चिल म्हणजे अमेरिकेत जन्मलेली जेनी जेरोम, विन्स्टनची आई. राजकन्या डायना 1961 मध्ये जन्मली तेव्हा आजोबा हयात होते आणि वडील नुसते व्हायकाउंट ऑल्थॉर्प म्हणवत होते, म्हणून ती ‘ऑनरेबल डायना स्पेन्सर’ होती. 1975 मध्ये आजोबा वारले, वडील आठवे अर्ल झाले, आणि त्या दिवसापासून ती ‘लेडी डायना’. नुसत्या संबोधनावरून कागदाचे साल अजमावता येते ते असे.

आता आपल्या गव्हर्नरांकडे या. मुंबईच्या 1895 नंतरच्या बातम्यांत ‘लेडी सँडहर्स्ट’ दिसतात. 1881 मधल्या लग्नाआधीच्या इंग्लिश कागदांत त्याच बाई ‘लेडी व्हिक्टोरिया स्पेन्सर’ आहेत. नावापुढच्या ‘लेडी’वरूनच त्या मोठ्या घरच्या मुली होत्या हे कळते, आणि आडनावावरून घराणेही.

3. किताबाची सनद वाचा : वारसा कोणाकडे जायचा हे तीच ठरवते

किताब देताना राजाने काढलेल्या सनदेत वारसाची अट लिहिलेली असते. बहुतेक सनदांत ती एकच : मूळ धारकाच्या औरस पुरुष वंशजांकडे, थोरलेपणाच्या क्रमाने. आपल्याकडच्या वतनासारख्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, इथे पडत नाहीत. किताब अखंड एकाकडे जातो. थोरली पाती खुंटली तर धाकट्या पातीकडे वळतो, आणि मूळ धारकाचा एकही पुरुष वंशज उरला नाही की संपतो.

सँडहर्स्टच्या घरात हे स्वच्छ दिसते. 1917 मध्ये त्यांना व्हायकाउंट केले गेले. 1921 मध्ये ते वारले तेव्हा मागे मुलगा नव्हता. व्हायकाउंटपद त्यांच्यापासूनच सुरू झाले होते, ते तिथेच संपले. बॅरनपद मात्र वडिलांपासून सुरू झालेले, म्हणून ते वडिलांच्या दुसऱ्या मुलाकडे, त्यांचा भाऊ जॉन याच्याकडे गेले. एकाच माणसाचे दोन किताब, त्याच दिवशी दोन वेगळ्या वाटांनी. म्हणूनच प्रत्येक किताबाचा हिशेब स्वतंत्र ठेवायचा.

दत्तकाचा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात लगेच येईल. इंग्लिश उमरावांत दत्तक मुलाला किताब मिळत नाही, आजही नाही. 2004 पासून दत्तक मुलांना ‘ऑनरेबल’, ‘लेडी’ ही मानाची संबोधने लावता येतात, वारसा मात्र नाही. साताऱ्याचे राज्य दत्तक नामंजूर करून 1848 मध्ये खालसा करणारा डलहौसी ज्या समाजातून आला होता, तिथे औरस पुरुष वारस हाच नियम त्याने लहानपणापासून पाहिलेला. 1860 मध्ये तो स्वतः मुलगा नसताना वारला. त्याला मिळालेले मार्क्विसपद संपले आणि घराण्याचे जुने स्कॉटिश अर्लपद चुलत नात्यातल्या फॉक्स मॉलकडे गेले. डलहौसीच्या धोरणाचे समर्थन यातून होत नाही, पण ते कुठल्या मुशीतून निघाले हे कळायला वंशावळ उपयोगी पडते. वंशावळीचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो याचसाठी.

नियमाला अपवाद असतात आणि ते सनदेत किंवा कायद्यात शोधावे लागतात. सगळ्यात प्रसिद्ध अपवाद मार्लबरोचा. जॉन चर्चिल 1702 मध्ये पहिला ड्यूक ऑफ मार्लबरो झाला, पण त्याचा एकुलता एक हयात मुलगा लगेच पुढच्या वर्षी केंब्रिजमध्ये देवीच्या साथीत दगावला. तेव्हा पार्लमेंटने 1706 मध्ये खास कायदा करून हा किताब मुलींकडून चालण्याची सोय केली. 1722 मध्ये ड्यूक वारला तेव्हा थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. तिचा मुलगा तिच्याआधीच गेला, म्हणून 1733 मध्ये तिच्या मृत्यूनंतर किताब धाकटी बहीण अ‍ॅन हिच्या मुलाकडे आला. अ‍ॅनचे सासर होते स्पेन्सर. या एका वळणामुळे आजचे ड्यूक ऑफ मार्लबरो पुरुषाकडून मोजले तर चर्चिल नाहीत, स्पेन्सर आहेत. पाचव्या ड्यूकने 1817 मध्ये राजाज्ञा घेऊन ‘स्पेन्सर-चर्चिल’ असे जोडआडनाव लावले.

आणखी एक प्रकार आहे. काही फार जुनी बॅरनपदे सनदेने नव्हे, तर पार्लमेंटच्या बोलावणीपत्राने निर्माण झाली असे धरले जाते. ती मुलींकडे जाऊ शकतात. पण इंग्लिश कायद्यात मुलींमध्ये थोरली-धाकटी नसते. दोन-तीन बहिणी असल्या तर हक्क समान वाटला जातो आणि किताब कोणालाच वापरता येत नाही, तो अधांतरी राहतो. एकाच बहिणीची शाखा उरेपर्यंत किंवा राजा एका वारसाच्या बाजूने निर्णय देईपर्यंत शतके जाऊ शकतात. अशा पदाला ‘संपले’ असे लिहू नका.

सनदेच्या शेवटी किताबाला जोडलेली गावे असतात, तीही उतरवून घ्या. ज्यांच्या नावाने मुंबईत शाळांची हॅरिस शील्ड खेळली जाते ते गव्हर्नर लॉर्ड हॅरिस चौथे बॅरन. त्यांच्या किताबात श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर आहे, कारण पहिला बॅरन म्हणजे 1799 मध्ये टिपूविरुद्धचा सेनापती. शिंद्यांच्या फौजेशी 1803 मध्ये लढलेल्या जनरल लेकच्या किताबात दिल्ली आणि लासवारी ही नावे आहेत. 1848 मध्ये तो वंश आणि किताब दोन्ही संपले. आपल्या पराभवाचे ठिकाण इंग्लंडमधल्या एका घराण्याच्या नावात सुमारे चव्वेचाळीस वर्षे कोरलेले होते, हे कुठल्याही मराठी पुस्तकात ठळकपणे यायला हवे.

4. छापील ग्रंथ : कोणता कशासाठी

तीन नावे पुरेशी आहेत. ‘बर्क्स पीअरेज’ 1826 पासून निघते. त्यात चालू किताबाच्या घराण्याच्या सगळ्या शाखा, धाकटे भाऊ, त्यांची मुले असा मोठा पसारा असतो. ‘डेब्रेट’ त्या त्या वेळच्या हयात माणसांसाठी उत्तम. आणि ‘कम्प्लीट पीअरेज’, जी. ई. कोकेन यांनी सुरू केलेला ग्रंथ, ज्याची दुसरी आवृत्ती 1910 ते 1959 दरम्यान तेरा खंडांत आली. विश्वास कोणावर ठेवायचा असे विचाराल तर कोकेनवर. तळटीपांत कागदपत्रांचा आधार दिलेला असतो आणि शंका असेल तिथे ती उघड लिहिलेली असते. पण त्यात फक्त किताबधारक आणि त्यांचे विवाह मिळतात. धाकटे भाऊ-बहिणी नाहीत. म्हणून सांगाडा कोकेनमधून घ्यायचा, फांद्या बर्कमधून भरायच्या आणि त्या फांद्यांवर पुराव्याचे चिन्ह लावेपर्यंत त्यांना ‘सांगोवांगी’ मानायचे.

बर्कच्या जुन्या आवृत्त्या आणि कोकेनचे बरेच खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत. किताबाच्या अक्षरक्रमाने शोधा : सँडहर्स्ट अकराव्या खंडात, स्पेन्सर आणि संडरलँड (हाही स्पेन्सरांच्याच घरातला किताब) बाराव्यात. बर्कची आवृत्ती निवडताना आपला माणूस हयात असतानाची एक आणि त्याच्यानंतरची एक, अशा दोन तरी पाहा. किताब संपला की घराणे पुढच्या आवृत्तीतून गळते.

त्यांतली काही संक्षेपाक्षरे : ‘डी.एस.पी.’ म्हणजे अपत्य नसताना मृत्यू, ‘डी.व्ही.पी.’ म्हणजे वडिलांच्या हयातीत मृत्यू, ‘को-हेअर’ म्हणजे बहिणींतली समान वारस. को-हेअर दिसली की थांबा. जमीन, आडनाव आणि चित्रे कुठे गेली ते तिच्या सासरच्या पानावर सापडेल.

5. आता झाड चढा : व्हिक्टोरियापासून मागे

मागे जाण्याचा नियम एकच, आजपासून किंवा ज्ञात माणसापासून एकेक पिढी वर. कोणा प्रसिद्ध पूर्वजापासून खाली उतरत आपल्या माणसापर्यंत येण्याचा मोह टाळा.

व्हिक्टोरिया (1855–1906) ही चौथे अर्ल स्पेन्सर फ्रेडरिक यांची दुसऱ्या पत्नीपासूनची मुलगी. पाचवे अर्ल तिचे सावत्र भाऊ, सहावे सख्खे. फ्रेडरिकचे वडील दुसरे अर्ल जॉर्ज जॉन, फ्रान्सशी युद्ध चालू होते त्या काळात आरमाराचे मंत्री. त्यांचे वडील पहिले अर्ल जॉन. त्यांचेही वडील जॉन, पण हे (1708–1746) बिनकिताबाचे. इथे पुष्कळ जण अडखळतात, कारण अर्लपदाची साखळी 1765 मध्ये सुरू होते आणि कोकेनचे ‘अर्ल स्पेन्सर’ हे पान तिथेच संपते. रक्ताची साखळी पुढे जाते, मात्र दुसऱ्या पानावर : हा जॉन तिसऱ्या अर्ल ऑफ संडरलँडचा धाकटा मुलगा, आणि त्याची आई अ‍ॅन चर्चिल, पहिल्या ड्यूक ऑफ मार्लबरोची मुलगी.

जॉनचा थोरला भाऊ चार्ल्स 1733 मध्ये मावशीमागे ड्यूक झाला आणि मार्लबरोंच्या ब्लेनम राजवाड्याकडे गेला. ऑल्थॉर्पची वडिलोपार्जित जहागीर जॉनला मिळाली. एका घराच्या दोन पात्या झाल्या. थोरल्या पातीत चार्ल्सनंतर चौथे, पाचवे, सहावे, सातवे ड्यूक, मग सातव्याचा धाकटा मुलगा लॉर्ड रँडॉल्फ, मग विन्स्टन. धाकट्या पातीत जॉननंतर तीन अर्ल, मग व्हिक्टोरिया.

नाते मोजण्यासाठी समान पूर्वज शून्य धरा आणि दोन्हीकडच्या पिढ्या मोजा. अ‍ॅनपासून व्हिक्टोरिया पाचवी, विन्स्टन सातवा. गणेशखिंडीचा यजमान हा पाहुण्याच्या दूरच्या चुलत घराण्याचा जावई होता. आणि व्हिक्टोरियाच्या सख्ख्या भावाकडून, सहाव्या अर्लकडून, खाली आलात तर सातवे, आठवे अर्ल आणि डायना. म्हणजे लेडी सँडहर्स्ट डायनाच्या पणजोबांची बहीण.

एक सावधगिरी. ही घराणी आपसांत इतक्या सोयरिकी करत की दोन माणसांमध्ये एकाहून अधिक नाती निघतात. एक सापडले म्हणून तेच सर्वांत जवळचे असे लिहू नका. ‘या धाग्याने’ असे लिहा.

6. प्रत्येक दुव्याला स्वतःचा कागद

1837 च्या जुलैपासून इंग्लंडमध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद आहे. ‘फ्रीबीएमडी’ या संकेतस्थळावर तिची सूची फुकट शोधता येते. त्याआधी चर्चच्या नोंदवह्या, ज्या 1538 पासून सुरू होतात पण सगळीकडे टिकलेल्या नाहीत. ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर खाते उघडले की यांतले पुष्कळ पाहता येते. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे, हे वेगळे लिहा. उमरावांचे विवाह बहुधा विशेष परवान्याने घरच्या दिवाणखान्यात किंवा लंडनच्या चर्चमध्ये होत, म्हणून गावच्या वहीत न सापडले तर लंडनकडे वळा.

मृत्युपत्रे हा माझ्या मते सर्वांत सकस पुरावा. 1384 ते 1858 पर्यंतची कँटरबरीच्या धर्मन्यायालयातली मृत्युपत्रे लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजच्या संकेतस्थळावर ‘प्रॉब 11’ या मालिकेत आहेत. त्यांत धाकटे मुलगे, विवाहित मुली, जावई, निपुत्रिक आत्या नावानिशी भेटतात. एका बाईच्या मृत्युपत्रातून तीन घराण्यांचे दुवे पक्के होतात, म्हणून आत्या-मावश्यांची मृत्युपत्रे आधी वाचा. मध्ययुगासाठी थेट राजाकडून जमीन धारण करणाऱ्याच्या मृत्यूनंतर होणाऱ्या चौकशीचे कागद आहेत; वारस कोण आणि त्याचे वय किती, हे त्यात असते.

किताब, पदोन्नती आणि आडनाव बदलण्याच्या राजाज्ञा ‘लंडन गॅझेट’मध्ये छापल्या जात. ते 1665 पासूनचे सगळे फुकट शोधता येते. कॉमन्समध्ये बसलेले धाकटे मुलगे ‘हिस्टरी ऑफ पार्लमेंट’च्या संकेतस्थळावर मिळतील, आणि त्या चरित्रांची सुरुवातच वंशावळीने होते. घराण्याची खासगी पत्रे बहुधा वाड्यातून बाहेर पडलेली असतात : ब्लेनम आणि ऑल्थॉर्प या दोन्ही वाड्यांची मोठी दफ्तरे आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दगडातला पुरावाही असतो. ऑल्थॉर्पशेजारच्या ग्रेट ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये सोळाव्या शतकापासूनच्या स्पेन्सरांच्या समाध्या एका ओळीत आहेत, आणि चर्चिल ब्लेनमजवळच्या ब्लेडन गावी पुरले आहेत.

तारखांचा एक जुना सापळा आहे. 1752 पर्यंत इंग्लंडचे वर्ष 25 मार्चला बदलत असे. मार्लबरोचा तो मुलगा 20 फेब्रुवारीला वारला. जुन्या वहीत साल 1702, आपल्या हिशेबाने 1703. अशी तारीख ‘1702/3’ अशी लिहायची. नाहीतर वडिलांना ड्यूकपद मिळण्याआधीच मुलगा गेला असा घोटाळा होतो.

7. जुन्या वैभवाच्या कथांवर विश्वास ठेवण्याआधी

स्पेन्सरांची खरी सुरुवात वॉरिकशरच्या मेंढपाळीतून झाली. लोकरीच्या पैशावर जॉन स्पेन्सरने 1508 मध्ये ऑल्थॉर्प घेतले आणि 1603 मध्ये त्याच्या वंशजाला बॅरनपद मिळाले. पण मधल्या काळात राजाच्या दरबारातल्या वंशावळकारांनी या नवश्रीमंत घराण्याला चौदाव्या शतकातल्या बलाढ्य डिस्पेन्सर सरदारांशी जोडून दिले. ढालीवर डिस्पेन्सरांचे चिन्ह आले, त्यात तीन शिंपल्यांचा फरक करून. पुढची तीनशे वर्षे ग्रंथांनी ते उतरवले. 1901 मध्ये जे. होरेस राउंड या संशोधकाने कागद तपासून ती जोडणी बनावट असल्याचे दाखवले.

म्हणून सोळाव्या शतकाच्या मागे जाताना पाऊल जपून. वंशावळकार गावोगाव फिरून 1530 ते 1680 च्या दशकापर्यंत घराण्यांच्या वंशावळी नोंदवत. त्या ‘व्हिजिटेशन’ नावाने छापील मिळतात. सांगणाऱ्याच्या आजोबांपर्यंतची माहिती त्यांत सहसा बरी असते, त्यापलीकडची तपासल्याशिवाय घेऊ नये. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स 1484 पासून हे काम पाहते, पण त्यांचे दफ्तर बाहेरच्याला हाताळता येत नाही, शुल्क भरून अधिकाऱ्याकडून शोध करवून घ्यावा लागतो. ढाल सारखी म्हणजे रक्त एक, हेही गृहीत धरू नका.

8. हिंदुस्थानातले कागद

या घराण्यांची धाकटी मुले कंपनीच्या आणि सरकारच्या नोकरीत इकडे आली, इथेच जन्मली, लग्ने केली, इथेच पुरली गेली. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात ‘एन/3’ या क्रमांकाखाली आहेत (बंगालच्या ‘एन/1’, मद्रासच्या ‘एन/2’). ‘फिबिस’ या संस्थेच्या संकेतस्थळावर अशा नोंदींची सूची फुकट शोधता येते.

मुंबईत राहणाऱ्या वाचकाला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आणि एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय जवळ आहे. तिथे जाताना गव्हर्नरच्या नावाआधी त्याच्या एडीसी (तैनातीतले लष्करी अधिकारी) आणि खासगी चिटणिसांची नावे काढून न्या. या जागांवर बहुधा त्याचे भाचे, पुतणे, मेहुणे किंवा मित्रांची मुले नेमली जात. त्यांची आडनावे वेगळी असतात, म्हणून दफ्तरात नाते दिसत नाही. बर्कच्या पानाशी ताडून पाहिले की दिसते. सँडहर्स्टच्या काळातल्या गणेशखिंडीच्या कारभाऱ्यांची अशी यादी स्पेन्सर आणि मॅन्सफिल्ड या दोन्ही घराण्यांच्या पानांशी ताडून पाहता येईल, आणि ते काम लंडनला न जाताही सुरू करता येते.